करवंटीचं कानातलं

आमच्या गावात रेडिओ एकच, आणि तोही तालमीत. सरकारनं तो गावासाठी दिला होता, पण गाव म्हणजे कोण एवढं लिहून द्यायला सरकार विसरलं. सरपंचांनी मग आपल्या सोयीनं अर्थ लावला. तालमीत मारुती आहे. मारुतीसमोर बायकांनी यायचं नाही. म्हणून मारुतीशेजारच्या फळीवर ठेवलेल्या रेडिओसमोरही बायकांनी यायचं नाही. झालं! निम्मं गाव बातम्यांना, गाण्यांना, बाजारभावांना मुकलं. मारुती वाऱ्याचा मुलगा, तेव्हा हवामानाच्या अंदाजाशी त्याचं काही नातं असेल तर मी समजू शकतो. पण कांद्याच्या भावाशी त्याचा काय संबंध, असा सवाल मी तेव्हा जाहीरपणे केला होता. पत्रकच काढलं होतं. पिवळा कागद, वर ठळक अक्षरांत ‘रेडिओ कुणाच्या बापाचा?’ वाण्यानं त्या कागदात हळद बांधून विकली. पत्रक घरोघर पोचलं, एवढं मात्र खरं.

पत्रकं लिहायला मी पुण्यात शिकलो. कॉलेज कमी आणि चळवळीची कचेरी जास्त, असे ते दिवस होते. कचेरीत आम्हांला एकच नियम घालून दिलेला: बोजड शब्द नको. लोकांच्या तोंडात जो शब्द आहे तोच कागदावर आला पाहिजे. हा नियम मी आजही पाळतो. त्या वर्षी त्यानं मला चांगलंच गोत्यात आणलं, तरी पाळतो.

प्रकरण माझ्या आत्याचं. वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्या घरी. गावची लेक असल्यामुळे गावातल्या सगळ्या सुना तिला वन्सं म्हणत आणि पुरुष आक्का म्हणत. आवाज असा की ओढ्यापलीकडच्या गुराख्याला तिनं इथून जेवायला हाक मारावी. आमच्या घराला लागूनच गिरणी. भिंत एकच. गिरणी सरपंचांची (आमच्या गावात जे काही आहे ते बहुतेक सरपंचांचंच आहे, हा वेगळ्या पत्रकाचा विषय). पार भरे गावापासूनची माणसं डोक्यावर दळण घेऊन तिथं येत. डिझेलचं इंजिन दिवसभर पुक् पुक् पुक् करत असे आणि आमच्या फडताळातली भांडी त्याच्या तालावर थरथरत असत.

एके दिवशी पुण्याहून जीप आली. तिच्यातून एक साहेब उतरले. ते जुनी गाणी गोळा करत आणि रेडिओवर त्यांचा कार्यक्रम करत. बरोबर एक पेटी, तिच्यावर फीत गुंडाळलेली दोन चाकं. त्यांना जात्यावरच्या ओव्या पाहिजे होत्या. गावानं एकमुखानं आत्याचं नाव सांगितलं. जात्यावर आम्ही सरपण रचून ठेवलं होतं, ते उतरवलं, जातं पुसलं, आत्याला बसवलं. साहेबांसाठी सरपंचांनी इंजिन थांबवलं. आत्यानं आईच्या ओव्या म्हटल्या, सासूच्या म्हटल्या. साहेबांचे डोळे मिटलेले, मान डोलतेय. शेवटी आत्या म्हणाली, “आता ही माजी सवताची,” आणि तिनं गिरणीची ओवी म्हटली.

गिरणी गावात आली त्या वर्षी तिनं ती रचली होती.

“जात्या रे बाबा तुला, दिली मी कायमची सुटी,
खांद्याची माझ्या हाडं, तुझ्यापायी झाली पिठी.
गिरणीबाई गं माझी, बहीण पाठची आली,
घटकाभरात तिनं, पायलीची रास केली.”

साहेबांनी डोळे उघडले. “छान, छान,” म्हणाले, पण ते ‘छान’ आधीच्या ‘छान’सारखं नव्हतं. चाकं गुंडाळून ते गेले.

पुढं एकदा तालमीतल्या रेडिओनं सांगितलं की येत्या सोमवारी संध्याकाळी आमच्या भागातल्या ओव्या लागणार. वडील धावत घरी आले. आत्या भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“समद्या लागत्याल?”

“समद्याच म्हनायच्या.”

“बाकीच्या न्हाई लागल्या तरी चालंल. त्या आईच्या, सासूच्या. गिरणीची ती माजी हाय. ती त्या पेटीतून कशी निगती, तेवडं मला ऐकायचं हाय.”

बस्स. एवढीच मागणी. एका बाईनं स्वतः रचलेलं, स्वतः गायलेलं, स्वतःच्या कानानं एकदा ऐकायचं होतं. आणि ते तिला ऐकता येणार नव्हतं. का? तर लंगोट नेसून दंड मारणाऱ्या आमच्या पैलवानांच्या ब्रह्मचर्याला तिच्या ओवीनं धक्का बसेल! मी तडक सरपंचांकडे गेलो. आत्याही मागून आली.

“रेडिओ त्या दिवशी बाहेर कट्ट्यावर आणा,” मी म्हणालो.

“त्याची तार छपराला बांधलीया. भाईर आनला तर बोलत न्हाई,” सरपंच म्हणाले. “आक्का, तुमी आसं करा. तालमीच्या मागं बसा. मी खिडकी उगडी ठिवतो. हाय काय आन् न्हाई काय.”

“मागं पैलवानांचे लंगोट वाळत्यात,” आत्या म्हणाली. “लंगोटाखाली बसून मी माज्या आईची ओवी ऐकू व्हय?”

“त्या दिशी काढाया लावतो.”

“ऱ्हाऊ द्या त्यास्नी. त्यांचा रेडिओ हाय.”

घरी येताना मी तिला पत्रकाचा मसुदा ऐकवला. त्यात एक वाक्य मला फार साधलं होतं: ज्या गिरणीनं जात्यावरची ओवी मारली, त्याच गिरणीचा मालक आज ती ओवी ऐकूही देत नाही. आत्या वाटेतच उभी राहिली.

“गिरणीनं काय मारली? माजे खांदे वाचीवले तिनं. तू एक पायली नाचनी जात्यावर दळ, मग काड पत्रक.”

मी ते वाक्य खोडलं. नाइलाजानं. आणि पत्रकाऐवजी प्रत्यक्ष कृती करायचं ठरवलं.

वीज आणि बॅटरी यांशिवाय चालणारा रेडिओ करता येतो हे मी एका मासिकात वाचलं होतं. एक विशिष्ट खडा, त्यावर टेकवायची बारीक तार, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेलं वेटोळं, घराच्या आढ्यापासून जांभळीच्या शेंड्यापर्यंत एक लांब तार, आणि जमिनीत पुरलेली एक पहार. पुण्याचं स्टेशन तसं जवळ, त्यामुळे लागणार हे नक्की. मात्र आवाज येणार डासाच्या गुणगुणण्याएवढा, आणि तोही हेडफोन लावला तरच. हेडफोन म्हणजे डोक्यावरून पट्टी आणि दोन्ही कानांवर दोन डब्या. लष्करातले तारायंत्रवाले वापरतात ते. पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करी भंगारात मिळतात असं ऐकलं होतं.

एस्टीत चढताना आईनं विचारलं, “काय आणाया चाललास?”

आता हेडफोन म्हटलं तर आईला काय कळणार? कर्णयंत्र म्हटलं तर कोणालाच काही कळणार नाही. लोकांच्या तोंडातला शब्द पाहिजे. मी एक क्षणही न थांबता म्हणालो, “आत्यासाठी कानातलं.”

एस्टी भूगावच्या चढाला लागली आणि ती बातमी इकडे गावाच्या उताराला लागली.

जुन्या बाजारातल्या दुकानदारापुढं हेडफोनांचा ढीग पडला होता. मी निवड तत्त्वानं केली. माझी गरज साधी होती: गिरणीचा आवाज आत येता कामा नये. तेव्हा पाठ बंद पाहिजे आणि कानाभोवती फट नको. रणगाड्यात बसणाऱ्यांसाठी केलेला एक जोड होता, जाड रबराच्या वाट्यांचा. मी तो डोक्यावर चढवला आणि अख्खा जुना बाजार मुका झाला. दुकानदाराचे ओठ हलत होते, पण शब्द नाही. वा! मी त्याला तिथंच पाचदहा मिनिटं सांगितलं की युद्धासाठी बनलेली ही वस्तू आज एका कष्टकरी स्त्रीच्या हक्कासाठी वापरली जाणार आहे. तोही काहीतरी सांगत होता. मी ऐकलं नाही. ऐकू येतच नव्हतं.

घरी येऊन, मासिकात वाचून बांधून ठेवलेल्या खड्याच्या रेडिओला तो जोडला. कान इतके झकास बंद झाले की गिरणी गेली, गाव गेलं आणि रेडिओही गेला. काही म्हणजे काही ऐकू येईना. आत्यानं लावून बघितला.

“लई ग्वाड वाटतंय,” ती म्हणाली. “डोकं दुखत आसंल तवा लावाया बरं हाय.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा एस्टी. मी दुकानदारावर तुटून पडलो. गिऱ्हाइकाची फसवणूक, भंगाराचा काळाबाजार, सगळं काढलं.

“अहो पुढारी,” तो म्हणाला, “ह्याच्या आतली तार जाड. ह्याला लष्कराचं दांडगं यंत्र लागतं. तुमच्या खड्याच्या रेडिओला बारीक तारेचे फोन लागतात. मी काल हेच तर सांगत होतो. तुमच्या डोक्यावर माल, आणि वरून तुमचं भाषण. मी काय कपाळावर लिहून दाखवू?”

बारीक तारेचा त्याच्याकडे एकच जोड उरला होता. त्याची पाठीमागची झाकणं हरवलेली. डबीच्या आतलं लोहचुंबक आणि वेटोळं मागून उघडं दिसत होतं. तोच घेऊन आलो.

यातून आवाज आला! मी अंगणात उडी मारली. पुण्याच्या स्टुडिओतला माणूस, ना वीज ना बॅटरी, आमच्या जांभळीवरून उतरून माझ्या कानात बोलत होता. मी आत्याच्या डोक्यावर तो चढवला. तिनं थोडा वेळ ऐकलं.

“हा बाबा गिरणीत बसून बोलतोय व्हय?”

कारण मागच्या उघड्या डब्यांतून आणि कडेच्या फटींतून पुक् पुक् सगळं आत येत होतं. उघड्या पाठीच्या फोनातून गिरणीशेजारी ओवी ऐकणं म्हणजे ताशाच्या शेजारी बसून कुजबुज ऐकणं. मी म्हटलं, सोमवारी संध्याकाळी इंजिन बंद ठेवायला लावू. मंगळवारचा बाजार, सोमवारी गिरणीवर झुंबड. आत्यानं साफ नाही म्हटलं. “चार गावची मानसं दळान घिऊन उबी ऱ्हात्यात. त्यांच्या भाकरी आडवून मला काय ऐकायचं न्हाई.”

तेव्हा पाठ आपणच बंद करायची. मी घरभर नजर टाकली आणि मला नारळ दिसला.

करवंटीपेक्षा चांगली बंद पाठ जगात कुठल्या कारखान्यानं केली असेल तर मला दाखवा. टणक, हलकी, आतून गोल. नारळ फोडला, दोन्ही करवंट्या काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केल्या, डब्यांच्या मागं बसवल्या, सांध्यांत मधाच्या पोळ्याचं मेण भरलं. आत्याला लावलं. तिचा निकाल तयारच असे.

“आता त्यो आडात पडलाय.”

खरंच. बातम्या देणारा माणूस विहिरीच्या तळाशी उभा राहून देशाची परिस्थिती सांगतो आहे असं वाटत होतं. मी जुन्या घोंगडीचा तुकडा पिंजून करवंट्यांत गच्च भरला.

“आता तोंडात भाकर घिऊन बोलतोय.”

निम्मी लोकर काढली.

“भाकर गिळली. पर ह्या कानात मोकळा बोलतोय, आन् त्या कानात त्याला पडसं झालंया.”

या पडशानं मला सबंध दुपार छळलं. दोन्हीकडे लोकर सारखी, मेण सारखं, डब्या सारख्या. शेवटी डोक्यात प्रकाश पडला. नारळाचे तीनही डोळे एकाच करवंटीला असतात! डाव्या कानावरच्या करवंटीचा एक डोळा फोडताना फुटला होता, त्यातून आतली कोंडलेली हवा थोडी मोकळी होत होती. उजवी करवंटी आंधळी. आता समान न्याय करायचा तर दुसऱ्या नारळाची डोळेवाली करवंटी हवी, आणि ती बरोबर तेवढ्याच मापाची. आईनं शनिवारी मारुतीला फोडायला एक नारळ ठेवला होता. तो मी फोडला. आई बोलायची ती बोलली.

“मारुतीकडे रेडिओ आहे,” मी म्हणालो. “त्याला नारळाची काय गरज?”

डोळ्यात कापसाचा बारीक बोळा घातला, म्हणजे हवा हलेल पण गिरणी आत येणार नाही. कानाशी टेकायला आत्यानं जुन्या लुगड्याच्या काठाच्या दोन गोल गाद्या शिवल्या आणि त्यांत सावरीचा कापूस भरला. डोक्यावरची पोलादी पट्टी तिच्या अंबाड्यात अडकायची, म्हणून मधे चामड्याचा पट्टा घालून ती लांब केली. लांब केल्यावर ती सैल झाली, पुन्हा फटी! मी कपाळाला हात लावला. आत्यानं नेहमीच्या सवयीनं वरून पदर घेतला आणि पदराची टोकं हनुवटीखाली ओढून धरली. करवंट्या कानाला घट्ट चिकटल्या. गिरणी दूर कुठं तरी पिरंगुटच्या पलीकडं गेल्यासारखी झाली, आणि आत्याचा चेहरा एकदम सैल पडला.

“आता मानूस शेजारी येऊन बसला,” ती म्हणाली.

नेमक्या त्याच वेळी अंगणात सरपंच उभे राहिले. बरोबर गावातली चार जाणती माणसं, मागं बायकांचा घोळका. आत्या आत, माजघरात, पदराखाली बातम्या ऐकत. मी बाहेर आलो.

“काय ऐकतोय मी?” सरपंच वडिलांना म्हणाले. “ह्यानं आक्कासाटी पुन्याहून कानातलं आनलं म्हनं?”

“आणलंय,” वडिलांच्या आधी मी म्हणालो.

“आरं, ती रांडमुंड बाई. तिच्या कुड्या कवाच उतरल्या. आता हे काय नवीन काडलंस?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गावानं काय समजून घेतलं आहे. एका वाक्यात मी खुलासा करू शकलो असतो. पण सरपंचांनी जो शब्द वापरला तो ऐकून माझं डोकं असं तापलं की खुलासा करणं मला भेकडपणाचं वाटलं.

“का घालू नये तिनं?” मी पायरीवर चढलो. “नवरा मेला त्यात तिच्या कानांचा काय गुन्हा? बायको मेली म्हणून तुम्ही कधी भिकबाळी उतरवली का? उतरवली का, सांगा!”

सरपंचांचा हात कानातल्या भिकबाळीकडे गेला. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागं बायकांत खसखस पिकली.

“बाजारात घालील का आता?” एक जाणते कुरकुरले.

“बाजारात घालील, जत्रेत घालील! आमची आत्या कानातलं घालणार आणि चारचौघांसमोर घालणार!”

शेजारची काकू, आत्याची मैत्रीण, घोळक्यातून पुढं आली. “आरं पर हाय तरी कसं? कुड्या हायेत का झुबं? दाव की!”

मला मागं पाऊल घेता येईना. तेवढ्यात मागून दार वाजलं. आत्या उंबऱ्यावर आली. पदर हनुवटीशी घट्ट धरलेला, पदराखाली दोन्ही बाजूंनी दोन मोठाले उंचवटे. तिला बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ती ओढ्यापलीकडच्या गुराख्याशी बोलावं तशी बोलली.

“कोन वरडतंय? मला बातम्या ऐकू द्या की!”

आणि पदर मागं सारला.

मग काकू म्हणाली, “आगं बया! वन्सं, सोन्याचं न्हाई, खोबऱ्याचं घडीवलं व्हय?”

त्या हशानं आमच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. सरपंचही हसले, पण माझ्याकडे बघून नव्हे. माझं भाषण मात्र खरं होतं, आणि मी त्यातला एकही शब्द मागं घेतलेला नाही. ते पुढं पत्रक म्हणून छापलं. हिरव्या कागदावर.

सोमवार उजाडला. संध्याकाळी आमच्या ओटीवर गावातल्या बायका येऊन बसल्या. करवंटीचं कानातलं बघायला निम्म्या आणि ओवीसाठी निम्म्या. मी समतेच्या तत्त्वानं आधीच ठरवलं होतं की प्रत्येकीला थोडा थोडा वेळ ऐकायला मिळेल, आणि तसं जाहीरही केलं. आत्यानं हेडफोन चढवला, पदर ओढला, आणि समता तिथंच संपली. ती कुणाला हात लावू देईना.

“लागलं!” ती ओरडली. मी खड्यावरची तार धरून बसलो होतो, श्वाससुद्धा बेतानं घेत. गिरणीवर रांग लागलेली, इंजिन भरात. बायका आत्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना रेडिओ म्हणजे आत्याचं तोंडच होतं.

“सायब बोलतोया... आता मी. मीच हाय गं! पर मी आशी म्हातारी कवा झाले?”

मग तिचे डोळे खाली. ओठ हलू लागले. आधी नुसते ओठ, मग बारीक गुणगुण, मग हळूहळू आवाज चढला. बंद कानांतून स्वतःचा बाहेरचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, हे त्या घडीला तिला सोडून सगळ्यांना कळलं. रेडिओतल्या आत्याबरोबर ही आत्या गात होती, पूर्ण गळ्यानं. आईच्या ओव्या झाल्या. सासूच्या झाल्या. काकूनं तोंडावर पदर घेतला होता, हसू दाबायला. तो नंतर डोळ्यांवर गेला.

अचानक आत्या थांबली. ताठ बसली. एक हात करवंटीवर दाबून धरला, मग दुसरा. तिच्या कपाळावर आठ्या चढल्या. मी खुणेनं विचारलं, काय झालं? ती बघतच नव्हती. नंतर तिनं एकदम मान वर केली आणि इंजिनाच्या वरताण आवाजात गिरणीची ओवी सुरू केली.

“जात्या रे बाबा तुला, दिली मी कायमची सुटी...”

गिरणीच्या दारातली माणसं वळली. पुक् पुक् अडखळलं, लांबलं, आणि थांबलं. कोणी थांबवायला सांगितलं नव्हतं. दुसरं कडवं निवांत शांततेत आलं.

“गिरणीबाई गं माझी, बहीण पाठची आली,
घटकाभरात तिनं, पायलीची रास केली.”

आत्यानं हेडफोन उतरवला. “संपलं. आता खताचं सांगतोय.” तिनं इकडेतिकडे पाहिलं. “गिरणी का गप?”

“तुमचं ऐकाया,” काकू म्हणाली.

“माजं तर हितं आत चाललं हुतं.”

“आत काय चाललं हुतं ते तुमाला ठावं. भाईर तुमी गात हुता.”

“मी? मी मनातल्या मनात म्हनले.”

“मग वन्सं, तुमचं मन लई मोट्यानं बोलतंया.”

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. आत्या हसली नाही. मी विचारलं, “गिरणीची लागली का?”

“न्हाई. तेवडीच गाळली. वर सायब म्हनतोय, गिरणी आली आन् ह्या माउल्यांच्या ओव्या कायमच्या मुक्या झाल्या. माज्याच ओव्या लावून म्हनतोय! मी मुकी हाय व्हय?”

मी उठून उभा राहिलो. हा तर उघड उघड कापाकापीचा प्रकार होता. आवाज कष्टकऱ्यांचा आणि कात्री साहेबांची! मथळे भराभर सुचत होते. मी तिथंच दोन-तीन बोलून दाखवले. कोणी लक्ष दिलं नाही, कारण गिरणीच्या दारातून सरपंच आमच्या अंगणात आले होते. मिशा पिठानं पांढऱ्या.

“आक्का,” ते म्हणाले, “ती गिरणीची परत म्हना. पयलं कडवं इंजिनात ग्येलं.”

“दळनं आडल्यात न्हवं?”

“दळनवालेच म्हनले बंद कर म्हनून.”

आत्यानं पदर सारखा केला. आता कान उघडे होते, तेव्हा आवाज जरा बुजला, पण तिनं दोन्ही कडवी म्हटली. सरपंच छाती पुढं काढून ऐकत होते, जणू गिरणीची दगडी तळी त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवली होती. मला वाटलं संपलं. पण ती थांबली, थोडा वेळ ओठांतल्या ओठांत काही तरी जुळवलं, आणि पुढं म्हणाली:

“पुण्याच्या सायबानं, ओवी माझी गं चाळली,
पीठ टाकलं वाऱ्यावं, कोंड्याची पिशवी भरली.”

काकूनं मांडीवर थाप मारली. दळणवाल्यांत शिट्टी वाजली. सरपंच इतके हसले की मिशांतलं पीठ सदऱ्यावर सांडलं. हसता हसता ते मधेच थांबले. तालमीकडे एकदा पाहिलं, मग आत्याकडे.

“आक्का, माज्यावर न्हाई ना काय?”

“हाय की,” आत्या म्हणाली. “पर ती आजून जुळायची हाय.”

सरपंच तडक गिरणीत गेले आणि त्यांनी इंजिन सुरू केलं.